हॉलची किल्ली कोणाकडे?

आदरणीय ताई,

सप्रेम सलाम. मी पुण्यातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सचिव आहे, वय ६१. आमच्या साडेआठच्या उपासनेला हल्ली जेमतेम पंचेचाळीस माणसं येतात, त्यातली निम्मी सत्तरीपुढची. आमची स्वतःची मुलं इंग्रजी चर्चमध्ये जातात. आमच्याच हॉलमध्ये दुपारी तीनला ईशान्येकडच्या मुलामुलींची उपासना असते, त्यासाठी ती महिन्याला ठरलेलं भाडं देतात. चार-पाच आफ्रिकन विद्यार्थीही त्यांच्यात असतात. नव्या पाळकसाहेबांचं म्हणणं, ख्रिस्तात भेद नाही, तर सगळ्यांची एकच मंडळी करू. म्हणून गेल्या वर्षी महिन्यातून एकदा हिंदी-इंग्रजीत एकत्र उपासना सुरू केली. सुरुवातीला त्यांचे पंचवीसेक जण यायचे. मग कुरबुरी सुरू झाल्या. आमचे वडीलधारे म्हणाले, एवढं एक मराठी उरलं होतं, तेही घालवलंत. प्रीतिभोजनाला त्या मुलांनी डुकराचं मटण आणलं, तेव्हा काही बायका ताटावरून उठल्या, म्हणून आम्ही ते पातेलं व्हरांड्यात ठेवायला लावलं. (त्यांचं ते पातेलं अजून आमच्याच स्वयंपाकघरात पडून आहे.) दारावरच्या एका बंधूंनी एका आफ्रिकन मुलाला 'किससे मिलना है?' असं विचारलं. नाताळात त्यांना त्यांच्या पोशाखात नाच करण्याची खास संधी दिली, तरी जानेवारीपासून सकाळी एकही जण फिरकलेला नाही. तीनची उपासना मात्र जोरात चालू आहे. आमचं चुकलं काय? की ज्याची त्याची उपासना वेगळीच बरी?

– एक सचिव, पुणे


सचिवबंधू, सलाम.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलंही नाही. 'त्यासाठी ती महिन्याला ठरलेलं भाडं देतात.' म्हणजे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती मुलं तुमची भावंडं, आणि बाकी सगळ्या रविवारी दुपारी तुमची भाडेकरू. पातेलं, नाच, दारावरचे बंधू, या सगळ्याकडे मी येणार आहे. पण माझ्या मते गाठ इथे आहे.

पैसे घेणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. विजेचं बिल येतं, पावसाळ्यात कौलं गळतात, झाडूवाल्या बाईंचा पगार द्यावा लागतो, हे मलाही कळतं. माझं आयुष्य अशाच कमिट्यांच्या चहा-बिस्किटांवर गेलंय. पण भाडेकरू पैसे देतो आणि गप्प बसतो; घरातला माणूस पैसे देतो आणि विचारतो, 'हे कुठे खर्च केलंत?' तुमच्या हॉलमध्ये दुपारी जमणाऱ्या तीस-पस्तीस जणांपैकी एकाला तरी तुम्ही वर्षाचा हिशेब दाखवलाय का? किल्ली कोणाकडे असते? पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. तीन वाजता वॉचमन उघडतो, पाचला कुलूप लावतो, आणि सव्वापाच झाले तर तुम्हाला फोन येतो.

आता दारावरची गोष्ट. त्या बंधूंना दुष्ट ठरवायची गरज नाही. पण त्यांना एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती आपल्याच घरची आहे आणि आपल्याच लोकांना ठाऊक नसते.

नाशिकला शरणपूर रोड आहे. हजारो माणसं रोज तिथून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं नाव शरणपूर. त्या काळात इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची, आणि त्यांतली बरीच शरणपूरच्या शाळेत यायची. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, आपल्या लोकांच्या शेजारी बसून प्रार्थना करायला लागली. इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' किंवा नुसतं 'नाशिकची मुलं' म्हणतात. स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत ही नाशिकची मुलं होती. त्यांतला जेकब वेनराइट शवाबरोबर थेट इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला तो आफ्रिकन तरुण उभा होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाची. ती वसवायला नाशिकहून अनेक कुटुंबं गेली. त्यांना विचारून पाठवलं की नुसतं पाठवलं, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे; मिशनऱ्यांच्या सोयीचा भाग त्यात मोठा होता. पण दीडशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातल्या ख्रिस्ती बाकावर आफ्रिकन शेजारी बसत होता, एवढं पक्कं. 'किससे मिलना है?' याचं उत्तर त्या मुलाला तेव्हाच देता आलं असतं : 'घरच्यांना.'

उपाय सोपा आहे. दारावरची पाळी त्या मुलाला द्या. एकदाच कौतुकानं बोलावून नाही, वहीत नाव लिहून, महिन्यातून दोन रविवार. येणाऱ्या प्रत्येकाला गीतपुस्तक हातात देणारा माणूस कोण आहे, यावरून माणसं ठरवतात की हे घर कोणाचं.

पाळकसाहेबांच्या 'एकच मंडळी'बद्दल मला जरा धीर धरावासा वाटतो. या विषयावर जगात सगळ्यात जास्त शाई अमेरिकेत सांडली आहे, आणि गंमत म्हणजे तिथल्या दोन टोकांच्या विचारांचा एकेक धागा आपल्याच देशात येऊन पोचतो.

डॉनल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली मध्य प्रदेशात दमोहला जन्मले. घरात मिशनरी परंपरा. स्वतःही तीसेक वर्षं मध्य भारतात काम केलं, छत्तीसगडच्या सतनामी लोकांत अनेक वर्षं घालवली. गावोगाव जात बघितली, आणि त्यातून त्यांनी एक निष्कर्ष काढला : माणसाला ख्रिस्ती व्हायला हरकत नसते, आपली जात, भाषा, वर्ग ओलांडायला हरकत असते. तेव्हा जो तो आपल्या लोकांतच राहून विश्वासात येऊ दे, मंडळ्या भराभर वाढतील. १९५५ मध्ये पुस्तक आलं, १९६५ पासून कॅलिफोर्नियातल्या पॅसडिनाला बसून त्यांनी हे शिकवलं, आणि अमेरिकेत 'आपल्यासारख्यांची मंडळी लवकर वाढते' हे जणू सूत्रच झालं. जातीवरचं निरीक्षण आपल्याकडचं, पथ्य तिकडच्या गोऱ्या उपनगरांच्या सोयीचं!

दुसरे हॉवर्ड थर्मन. कृष्णवर्णीय पाळक, तत्त्वचिंतक. १९३५-३६ मध्ये ते पत्नी स्यू बेली थर्मन यांच्यासह भारत, सिलोन, ब्रह्मदेश फिरले. कोलंबोला एका वकिलानं त्यांना तोंडावर विचारलं की, ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केलं, त्याचा प्रतिनिधी म्हणून तुम्ही इथे कसे येता? फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींची भेट झाली. त्याच प्रवासात खैबर खिंडीपाशी उभं असताना थर्मन यांच्या मनात पक्कं झालं की, वंश ओलांडणारी मंडळी होऊ शकते का, हे स्वतः करून बघायचं. १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत तशी मंडळी उभी राहिली. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पुलपिटावर दोन सहपाळक होते, एक गोरा आल्फ्रेड फिस्क आणि एक काळा हॉवर्ड थर्मन. कोणी कोणाला सामावून घेत नव्हतं.

दोघांनी भारत बघितला, त्याच दशकात. एकाला दिसलं की भिंत ओलांडायला लावली तर माणूस येत नाही. दुसऱ्याला दिसलं की भिंत तशीच ठेवली तर येणाऱ्याला काय मिळालं? सचिवबंधू, दोघांचं निरीक्षण खरं आहे, म्हणूनच तुमचा प्रश्न अवघड आहे. वडीलधाऱ्यांचं 'मराठी घालवलंत' हे मॅकगॅव्हरनच्या बाजूनं बोलतं, व्हरांड्यातलं पातेलं थर्मनच्या बाजूनं.

आणि नुसत्या मोजणीनं काही कळत नाही, हेही सांगते. अमेरिकेतल्या संशोधकांचं माप असं की कोणत्याही एका वंशाचे लोक शेकडा ऐंशीपेक्षा जास्त नसतील तर ती मंडळी बहुवंशीय. त्या मापानं १९९८ मध्ये शंभरात सहा मंडळ्या बहुवंशीय होत्या, २०१९ पर्यंत सोळा झाल्या. तुमचे पंचेचाळीस आणि त्यांचे पंचवीस धरले तर तुमची महिन्याची उपासना या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास होते! आणि तरी मुलं जानेवारीत गेली. तिकडेही हेच दिसलं. मिसळणं बहुतेक एकाच दिशेनं होतं : काळे लोक गोऱ्यांच्या मंडळीत गेले, गोरे काळ्यांच्या मंडळीत फारसे गेले नाहीत. जो जातो तोच आपलं गाणं, आपली वेळ, आपलं जेवण मागे ठेवून जातो. तुमच्याकडे वर्षभर पंचवीस जण सकाळी आले. त्या वर्षात तुमच्या पंचेचाळीसांपैकी दुपारी तीनला किती गेले?

तेव्हा पहिलं काम. एकत्र उपासनेचा विषय सहा महिने बाजूला ठेवा. तुम्ही, पाळकसाहेब, आणि महिला संघातल्या ज्या भगिनी ताटावरून उठल्या त्यांच्यातल्या एक-दोघी, अशा चार-पाच जणांनी महिन्यातून दोनदा तीनच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा. भाषण करू नका. 'आमच्यातर्फे दोन शब्द' तर अजिबात नको. काही कळणार नाही, गाणी लांबतील, पाय अवघडतील. ती मुलं सकाळी वर्षभर तशीच बसली होती.

तिथे बसलात की आणखी एक कळेल. 'ईशान्येची मुलं' अशी काही एक जमात नाही. आपल्याला कोणी 'मद्रासी' म्हटलं तर कसं वाटेल? मिझो वेगळे, खासी वेगळे, नागांमध्ये आओ, अंगामी, सुमी, लोथा वेगळे, भाषाही वेगळ्या. त्यातले काही कुकी असतील, आणि कुकी-नागा संघर्षात नव्वदच्या दशकात शेकडो माणसं मेली आहेत; म्हणजे ती मुलं तीन वाजता एका छताखाली बसतात, हेच तुमच्या आमच्या कल्पनेपेक्षा मोठं काम आहे. आणि आठवून बघा, ३ मे २०२३ नंतर मणिपूर पेटलं, तेव्हा तुमच्या सकाळच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत मणिपूरचं नाव किती रविवार आलं?

हे मी वरच्या पायरीवर उभं राहून विचारत नाही. ऑगस्ट २०१२ आठवतो? अफवा पसरल्या, पुण्यातही मुलांना मारहाण झाली, आणि ईशान्येकडची माणसं बंगळूरहून, पुण्याहून गाड्या भरभरून गावी पळाली. तेव्हा मी ज्या मंडळीच्या कमिटीत होते, तिथे त्याच वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं 'ईशान्य भारत रविवार' साजरा केला होता. मुलांना शाली पांघरून पुढे उभं केलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. एका मुलाला आम्ही दुसऱ्याच जमातीची शाल पांघरली होती, तिथे शालीच्या नक्षीला कूळ असतं, मान असतो, हे आमच्या गावीही नव्हतं. आणि ऑगस्टच्या त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणी त्यांना फोन केला नाही. एका मुलीनं मला नंतर, अगदी शांतपणे, सांगितलं : 'आंटी, शाल घालायला बोलावलंत, स्टेशनवर सोडायला कोणी आलं नाही.' म्हणून तुमची नाताळच्या नाचाची 'खास संधी' वाचली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. वर्षभर मागच्या बाकावर आणि २५ डिसेंबरला स्टेजवर, यातून माणसाला बरोबर कळतं की आपल्याला कशासाठी ठेवलंय.

संधी द्यायचीच तर साध्या, कंटाळवाण्या कामांत द्या. शास्त्रपाठ वाचणं. दानाची थैली फिरवणं आणि नंतर खोलीत बसून ती मोजणं. आजाऱ्यांच्या भेटी. डेंग्यूनं कोणी मूल ससूनला पडलं तर तुमच्या यादीत त्याचं नाव आहे का, आणि उद्या त्यांच्यापैकी कोणी देवाघरी गेलं तर तुमच्या दफनभूमीत त्याला जागा मिळेल का, की 'सभासद नाही' म्हणून कागद फिरतील? आत्ताच नियम बघून ठेवा. घरच्या मंडळीचं शिफारसपत्र आणलं तर सभासद करून घ्या. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात, मतदानाला वर्षांची अट असते, हे मला ठाऊक आहे. पण कमिटीवर निमंत्रित सदस्य घ्यायला मंडळीच्या घटनेतलं कोणतं कलम आड येतं?

कमिटीवरून आठवलं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेत कुरकुर झाली की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. तक्रार अन्नाची आणि भाषेची, तुमच्यासारखीच. प्रेषितांनी काय केलं? एकत्र उपासना ठेवली नाही, ऐक्यावर प्रवचन दिलं नाही. सात माणसं निवडली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हातात कोठाराची किल्ली. मी पंधरा वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गात, हा अध्याय शिकवला, आणि ही नावं नुसती पाठ करून घेतली. त्यांचा अर्थ मला फार उशिरा लागला.

तर भाड्याचं असं करा. त्याला भाडं म्हणणं बंद. वर्षाचा इमारतीचा खर्च मांडा, सकाळच्यांनी किती, दुपारच्यांनी किती, हे दोघांनी एका टेबलावर बसून ठरवा. इमारतीच्या खर्चाची चार माणसं नेमा, दोन तुमची, दोन त्यांची, आणि खजिनदार त्यांच्यातला होऊ द्या. किल्लीची दुसरी प्रत करून त्यांना द्या. तुमच्या कमिटीत यावर जो आरडाओरडा होईल, त्यातूनच कळेल की 'ख्रिस्तात भेद नाही' हे वाक्य किती खोल गेलंय.

जेवण. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर, बसून जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूच उठून वेगळा बसला. पौलानं सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पौलाच्या लेखी पंगतीतून उठणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता, सुवार्तेचा होता. आता माझा आगाऊ प्रश्न : त्या उठलेल्या भगिनी गोव्याच्या मैत्रिणीकडे नाताळात सोरपोतेल खात नाहीत का? ते डुक्करच असतं! पोर्तुगीज नावानं आलं की पक्वान्न, मिझो मुलानं आणलं की शी? आणि आपण, जे 'पंगतीत वेगळं बसवणं' म्हणजे काय हे आज्या-पणज्यांकडून ऐकत आलो? माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिथल्या देवळात, होय, ती चर्चला देऊळच म्हणायची, एका जातीतून आलेली कुटुंबं पुढे बसायची आणि दुसऱ्या जातीतून आलेली दाराशी. दोन्ही एकाच गावकुसाबाहेरची, दोन्ही एकाच पाण्यानं बाप्तिस्मा घेतलेली. आजी दाराशी बसणाऱ्यांतली होती. हे तिनं मला अभिमानानं सांगितलं नाही आणि रागानंही नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं.

ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांच्यावर जबरदस्ती नको, कोणाला मांसच चालत नसेल. एवढं पुरे : प्रत्येक पातेल्यापुढे चिठ्ठी, प्रत्येकात वेगळा डाव, आणि एकही पातेलं टेबलावरून खाली जाणार नाही. अखुनीचा, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या सोयाबीनचा, वास येईल. आपल्या सुकटीचाही येतो, शेजाऱ्यांना विचारा. आणि नुसतं एकत्र जेवण्यापेक्षा आदल्या दिवशी एकत्र स्वयंपाक करा. ताटावर माणसं आपापल्या माणसांजवळ बसतात; लसूण सोलताना मात्र शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं, आणि हात गुंतलेले असले की तोंडं मोकळी होतात. तेव्हा एखादी मिझो मुलगी सांगेल की तिच्या घरी आई रोज भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढते, बुहफाई थाम म्हणतात त्याला. तुमच्या एखाद्या आजीला आपल्या लहानपणची मुठीची ज्वारी आठवेल. हे कोणत्याही 'ऐक्य रविवारी' घडत नाही.

भाषेचं काय? मराठी बंद करू नका. साडेआठची उपासना मराठीतच, दर रविवारी, पूर्ण. तुमच्या वडीलधाऱ्यांचं दुःख खरं आहे, त्याला 'जुनाट' म्हणून उडवू नका. इंग्रजी चालींवर शब्द बसवून गाणाऱ्या मंडळीला नारायण वामन टिळकांसारख्यांनी अभंग दिले, कीर्तन दिलं. आपल्याला आपल्या सुरात देवाशी बोलता यायला लागून अजून फार पिढ्या झालेल्या नाहीत. ते सोडून सगळ्यांनी अर्धवट हिंदीत आणि त्याहून अर्धवट इंग्रजीत प्रार्थना करायची, यात ऐक्य कुठलं? ते तर कोणाचंच घर नाही. तसंच त्यांची तीनची उपासनाही राहू द्या. आठवडाभर परक्या भाषेत कॉल सेंटर, ब्युटी पार्लर, हॉस्टेल सांभाळणाऱ्या मुलांना दोन तास आपल्या भाषेत रडायला-गायला मिळतं, ते हिरावून घेऊन 'एकच मंडळी' करू नका. अमेरिकेत काळ्यांच्या मंडळ्या वेगळ्या का झाल्या, याचं उत्तर तिथल्या लोकांना आठवायला आवडत नाही : अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात काळे पुढारी रिचर्ड ॲलन यांच्यासोबतच्या ॲब्सलम जोन्स आणि इतरांना गुडघ्यांवर प्रार्थना चालू असताना 'ही जागा तुमची नाही' म्हणून उठवलं, तिथून ते बाहेर पडले. ज्यांना उठवलं त्यांनाच पुढे 'वेगळे का बसता?' असं विचारणं फारच सोपं असतं.

एका घरात दोन चुली असू शकतात, भांडण न होता. वर्षातून चार-पाच वेळा मात्र एकत्र या : पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, कापणीच्या सणाला, प्रभुभोजनाच्या एखाद्या रविवारी. तेव्हा वाक्यागणिक भाषांतर नको, त्यानं वीस मिनिटांचं प्रवचन चाळीस मिनिटांचं होतं आणि दोन्हीकडचे जांभया देतात. प्रवचनाचं एक पान इंग्रजीत छापून हातात द्या. प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपापल्या भाषेत, एकदम, मोठ्यानं म्हणायची. पहिल्यांदा गलका वाटेल, पण सगळे आमेनपाशी साधारण एकत्रच पोचतात. गाण्याचं त्यांच्यावर सोपवा. मिझो-नागा मुलं सा-रे-ग-म सारख्या सोल्फाच्या खुणा वाचून चार सुरांत गातात, ते तुमच्या टिळकांच्या एखाद्या अभंगाला कसं बसतं, बघा तरी. तबला तुमचा, खुआंग हा मिझो ढोल त्यांचा. बिघडलं तर बिघडलं.

आणि पाळकसाहेबांना हे पत्र दाखवा, पण एवढंही सांगा की पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' वगैरे लिहायची घाई नको.

माफी मागायची आहे तुम्हाला, ती कमिटीच्या ठरावानं मागू नका, कोणी ठराव वाचत नाही. तुम्ही स्वतः जा. 'पातेलं बाहेर ठेवायला आम्ही सांगितलं, ते चूक होतं. तुमच्या मित्राला दारात अडवलं, तेही. आम्ही तुमच्याकडून भाडं घेत होतो आणि तुम्हाला भाऊ म्हणत होतो.' एवढंच. यानंतर सकाळी यायचं निमंत्रण देऊ नका, त्या दिवशी तरी नको.

तुमची,
ताई

ता. क. – ते पातेलं. ते घेऊनच जा. आणि आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे त्या ताटावरून उठलेल्या भगिनींना मी सांगायला नको. काय घालून न्यायचं ते त्यांनाच ठरवू दे. पुरणपोळी चालेल.